जुना बॉयलर आणि कारागिराची कंबर

जुम्म्याच्या नमाजला गेल्यावर मागच्या सफेकडे एकदा नजर टाका. पूर्वी तेथे एखाददुसरी खुर्ची असे, तीही ऐंशी वर्षांच्या बुजुर्गासाठी. आता आमच्या मस्जिदीत खुर्च्यांची रांग लागते आणि त्यांवर पन्नाशीची, कधी कधी पंचेचाळिशीची माणसे बसलेली दिसतात. रुकूत वाकता येत नाही, सजद्यात गेले तर उठता येत नाही. यांतले बरेचसे आमच्या ओळखीचे आहेत. कोणी आडतीवर पोती वाहिली, कोणी वेल्डिंग केले, कोणी भंगार उचलले. त्यांतच एक उस्ताद आहेत. त्यांनी उभी हयात जुन्या जिनिंग-प्रेसिंगमधले बॉयलर काढण्यात घातली. आजचा लेख त्यांच्या धंद्याविषयी आणि त्यांच्या कमरेविषयी आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. बॉयलरशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध मांजरपाटाचा आहे. हे उस्ताद आणि त्यांचे गडी काम लागले की आमच्या दुकानातून मांजरपाटाचे दोन-दोन वार फाडून नेत आणि ते कमरेला घट्ट आवळून बांधत. "सेठ, हा आमचा विमा," असे हसत म्हणत. तीस वर्षे आम्ही हा विमा विकला. तो किती खोटा होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

कापसाचा मुलूख आणि वाफेची यंत्रे

हिंगोली जिल्हा म्हणून १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण येथला कापसाचा बाजार त्याहून कितीतरी जुना आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या काळात मराठवाड्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. वीज नव्हती, म्हणून ते वाफेवर चालत. वाफ म्हणजे बॉयलर आला. पुढे वीज आली, मोटारी बसल्या, वाफेचे इंजिन थंड पडले. पण बॉयलर जागेवरच राहिला, कारण त्याला हलवणे म्हणजे घर हलवण्यासारखे. वर्षे गेली, कारखाना बंद पडला, वारसांत वाटण्या झाल्या, जागेला प्लॉटचा भाव आला. मग मालकाला आठवण होते भंगारवाल्याची.

त्या काळच्या मोठ्या कारखान्यांत लँकेशायर जातीचा बॉयलर असे. इंग्लंडात फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन या दोघांनी १८४४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आडवे पडलेले लोखंडी पिंप आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेल्या दोन मोठ्या नळ्या, असे त्याचे रूप. नळीत जाळ, नळीभोवती पाणी. सात फूट व्यासाचा आणि अठ्ठावीस फूट लांबीचा बॉयलर धरला आणि पत्रा अर्धा इंच जाडीचा मानला, तर नुसते बाहेरचे कवच पावणेसहा टनांच्या आसपास भरते. पोटातल्या नळ्या, दोन्ही तोंडांच्या चकत्या, व्हॉल्व्ह आणि खालची वीटबांधणी वेगळीच.

विलायतेसारख्या थंड मुलखात घरे गरम ठेवण्यासाठी घरोघरी बॉयलर असतो. तेथील जुने बिडाचे बॉयलरही शे-दोनशे किलोंचे असतात आणि ते अरुंद जिन्यावरून उतरवताना तेथल्या मिस्त्रींच्या कमरा जातात. म्हणजे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये १९९२ पासून हाताने ओझे उचलण्याविषयी वेगळे नियम आहेत. कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरून पुरुषाने उचलायचे ओझे पंचवीस किलोंच्या आत असावे, असा तेथील सरकारी मार्गदर्शक आकडा आहे. आपल्याकडे पंचवीस किलो म्हटले तर गडी हसतात.

काम कसे चालते

मालक ठोक भावात बॉयलर विकतो. भंगारवाला तो घेतो आणि काढण्याचे काम उस्तादाला किलोवर देतो. जितके लोखंड गाडीत चढेल तितका पैसा. येथेच पहिली मेख आहे. किलोवर मजुरी म्हटली की घाई आली, आणि घाई म्हटली की मोठा तुकडा आला.

काम सुरू झाले की आधी पितळ आणि गनमेटलचे सामान निघते. सेफ्टी व्हॉल्व्ह, काचेच्या नळीचे कॉक, गेज. याला भाव चांगला मिळतो. मग धुराडे, मग वीटकाम. भट्टीची एक वीट साडेतीन किलोच्या घरात जाते आणि अशा विटा हजारोंनी असतात. त्या वाकून उचलायच्या, वळून फेकायच्या. उस्ताद आम्हाला म्हणाले, "सेठ, लोखंडाने नाही, आधी विटांनीच कंबर अर्धी होते. लोखंडाला आपण घाबरतो. विटेला कोण घाबरतो?"

नंतर गॅस कटिंग. ऑक्सिजनची मोठी टाकी रिकामी असली तरी साठ किलोंच्या आसपास असते. ती खांद्यावरून न्यायची, कारण जिनिंगच्या आवारात झाडोरा माजलेला, हातगाडी चालत नाही. मग पत्रा कापायचा, आणि कापलेला पत्रा दोघा-चौघांनी उचलून ट्रकच्या फाळक्यावरून आत टाकायचा. छातीच्या वर ओझे नेणे हे सर्वांत वाईट, आणि दिवसात ते पन्नास-पन्नास वेळा होते.

एकदा एका बंद कारखान्यात (नाव घेत नाही) चार गड्यांनी असा पत्रा उचलला. एकाचा पाय जुन्या तेलावर घसरला. उरलेल्या तिघांवर सारा भार क्षणात आला. पत्रा कोणाच्या अंगावर पडला नाही, म्हणून सर्वांनी शुक्र मानला. पण उस्ताद त्या तिघांतले एक होते. कमरेत काडी मोडल्यासारखा आवाज झाला, एवढे त्यांना आठवते. दुसऱ्या दिवशी मांजरपाट आणखी आवळून ते कामावर गेले. ठोक काम होते, ट्रक उभा होता. त्यानंतर त्यांचा डावा पाय कधी पूर्ण आपला राहिला नाही.

हिशोब कमरेचा

आपण व्यापारी माणसे. हिशोबाशिवाय आपल्याला पटत नाही. म्हणून हिशोबच मांडू.

पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे सुमारे पाच सेंटिमीटरवर आहेत. वाकून हात लांब करून ओझे धरले तर ते मणक्यापासून पन्नास सेंटिमीटरवर जाते. तराजूची एक दांडी पाच आणि दुसरी पन्नास असेल, तर छोट्या बाजूला दसपट वजन टाकावे लागते. म्हणजे पंचावन्न किलोचा भार असा धरला, की स्नायूंना साडेपाचशे किलोंचा जोर लावावा लागतो, आणि तो सारा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. स्वतःच्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. तेच ओझे पोटाशी, वीस सेंटिमीटरवर धरले तर दोनशे वीस किलो. ओझे तेच, माणूस तोच, फक्त धरण्यात फरक.

आता लोखंडाचा हिशोब. अर्धा इंच पत्र्याचा एक चौरस फूट सव्वानऊ किलोंचा होतो. चार फूट बाय तीन फुटांचा तुकडा म्हणजे एकशे अकरा किलो. दोघांनी उचलला तर माणशी साडेपंचावन्न. हाच तुकडा मधून एकदा कापला तर साडेपंचावन्नाचे दोन, म्हणजे दोघांत माणशी अठ्ठावीस किलोंच्या आत. हा जादा काप तीन फुटांचा. गंजलेल्या पत्र्यावर त्याला तीन-चार मिनिटे लागतात.

वर सांगितलेल्या बॉयलरच्या कवचाचे चार बाय तीनचे एक्कावन्न-बावन्न तुकडे पडतात. प्रत्येकाला एक काप जादा दिला तर साऱ्या कवचाला मिळून अडीच ते साडेतीन तास कटिंग वाढते. अर्धा दिवस आणि थोडा गॅस. एवढ्यात चार माणसांच्या कमरा निम्म्या भारावर येतात. आमच्या उस्तादांना आम्ही हा हिशोब कागदावर करून दाखवला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे कोणी तीस वर्षांपूर्वी का नाही सांगितले?" आमच्याकडे उत्तर नव्हते. हिशोब आम्हाला तेव्हाही येत होता. केला नव्हता, एवढेच.

कमरेच्या पट्ट्याचेही ऐका. अमेरिकेतील कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९९४ मध्ये या पट्ट्यांविषयीचे पुरावे तपासले. निरोगी कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरावा नाही, असे तिने जाहीर केले. उलट पट्टा बांधला की माणसाला वाटते, आता जादा उचलता येईल. मांजरपाट विकून चार पैसे मिळवलेल्या माणसाने हे लिहिणे कठीण आहे, पण खरे ते लिहिले पाहिजे.

कायदा काय म्हणतो

ओझ्याला मर्यादा असावी ही गोष्ट नवीन नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३४ वे कलम याच विषयावर होते. इजा होईल इतके ओझे कोणाकडूनही उचलून घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंचा आकडा सुचवला. आपल्या महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांची चळवळ होती. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि शंभर किलोंचे पोते पन्नासवर आणा, ही मागणी लावून धरली. आज पन्नास किलोंचे पोते आपल्याला साधी गोष्ट वाटते. त्यामागे कोणीतरी भांडले आहे.

पण जुन्या आवारात बॉयलर कापणारा गडी या साऱ्यातून निसटतो. कारखाना बंद, म्हणून तो कारखान्याचा कामगार नाही. बाजारात पोते वाहत नाही, म्हणून माथाडी नाही. हजेरीपट नाही, म्हणून तो कोणाच्याच वहीत नाही. जखमी झाला तर भंगारवाला दवाखान्याचे पहिले बिल देतो, कधी भलेपणाने दुसरेही देतो. तिसरे बिल घरच्या बाईच्या दागिन्यांतून जाते.

जे ओझ्याइतकेच घातक आहे

कंबर दुखते तेव्हा कळते तरी. काही गोष्टी न दुखता मारतात. त्याही येथे सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, जुन्या बॉयलरवर आणि वाफेच्या नळ्यांवर पांढरट-करडा लेप किंवा दोरी गुंडाळलेली असते. ती पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असते. कोरडी तोडली तर तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ छातीत जाते आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाचा रोग किंवा कर्करोग होऊन वर येते. असा लेप दिसला तर हात लावण्याआधी जाणकाराला दाखवावा. तो झटकू नये, कोरडा खरवडू नये, पाणी मारून पूर्ण ओला करावा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही.

दुसरी गोष्ट, वर्षानुवर्षे बंद असलेल्या बॉयलरच्या पोटात एकदम उतरू नये. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खाते. आतली हवा दिसायला साधी, पण श्वास घेण्यालायक नसते. आत उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. दोन्ही तोंडांची झाकणे उघडून, पंखा लावून हवा खेळती करावी, आतली हवा यंत्राने तपासून घ्यावी आणि बाहेर दोर धरून एक माणूस कायम उभा ठेवावा.

तिसरी गोष्ट, पिंप गोल असते. विटांची बैठक काढली की ते लोळते. दोन्ही बाजूंना लाकडाच्या जाड पाचरी ठोकल्याशिवाय बैठकीला हात लावू नये.

अंगाचा जोर आणि अकलेचा जोर

ओझे उचलण्याची कला आपल्या लोकांत नव्हती असे नाही. केरळात कोझिकोडजवळ बेपूर येथील मापिला खलाशी पिढ्यान् पिढ्या मोठी लाकडी जहाजे दोर, कप्पी, ओंडके आणि लाकडी चाक यांवर पाण्यात उतरवत आले आहेत. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण येथे रेल्वेचे डबे पुलावरून अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते पाण्यातून काढण्याच्या कामात या खलाशांनी आपली जुनी विद्या दाखवली. त्यांची ताकद त्यांच्या दंडांत नव्हती, दोर कोठे बांधायचा आणि कोठून ओढायचा या समजेत होती. पहार, तरफ, कप्पी आणि रोलर ही गरिबाची क्रेन आहे.

आमच्या उस्तादांजवळही ही विद्या होती. त्यांनी जॅकवर बॉयलर इंचाइंचाने उचलून पाइपांच्या रोलरवर सरकवलेला आम्ही पाहिला आहे. पण किलोवरच्या ठोक कामात विद्येला वेळ मिळत नाही. तिपाई उभी करून चेन-कप्पी लावायला तास जातो, तेवढ्यात चार गडी "या अली" म्हणून उचलून मोकळे होतात. ते मोकळे होतात, आणि कमरेत काहीतरी अडकून राहते.

व्यापारी बंधूंना विनंती

म्हणून ज्यांच्या हातात ठेका आहे त्यांच्याशी आमचे दोन शब्द. काम किलोवर न देता रोजावर द्या, किंवा किलोवरच द्यायचे असेल तर चेन-कप्पी, तिपाई आणि क्रेनचे भाडे ठेक्यात आधीच वेगळे धरा. मालकाकडे भाव बोलताना ते मागून घ्या. तो देतो. आपण मागत नाही. एका माणसाने उचलायचा तुकडा पंचवीस किलोंचा, दोघांचा पन्नासचा, ही रेघ खडूने पत्र्यावर आखूनच कटिंगवाल्याला द्या. ट्रकला फळ्यांचा उतार लावा. उन्हाळ्यात जड काम सकाळी अकराच्या आत आटपा.

गड्यांची नोंद ई-श्रम पोर्टलवर करून द्या. ते २०२१ पासून सुरू आहे. बँक खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यायला लावा. २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला वीस रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात. एका चहा-नाश्त्याचा खर्च आहे. अर्थात, हळूहळू झिजलेल्या कमरेला हा विमा काही देत नाही. तिचा विमा म्हणजे छोटा तुकडा.

आणि कारागीर भावांना एवढेच, की कंबर धरली तर महिना-महिना पडून राहू नका, आणि दुसऱ्या दिवशी ओझेही उचलू नका. हिंडते-फिरते राहा, डॉक्टरांना दाखवा. पाय बधिर झाला, पंजा उचलेनासा झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर एक रात्रही थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. जांघेत गाठ आली तर ती हर्नियाची असू शकते. पट्ट्याने ती दबते, बरी होत नाही.

नवे बॉयलर बसवणाऱ्यांसाठी

जुने बॉयलर आता थोडेच उरले. पण नवे रोज बसत आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी भागात हळद वाढली, आणि कढईत हळद शिजवण्याऐवजी वाफेवर शिजवणारी लोखंडी यंत्रे ट्रॅक्टरमागे शेतोशेती फिरू लागली. ती बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत आपली पुष्कळ मुले आहेत. वाफेच्या दाबाला कायदा लागतो. १९२३ चा बॉयलर कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. आपले यंत्र त्यात बसते की नाही हे विचारून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवू नका. आणि एक काम पदरचे करा. यंत्राला वर चार मजबूत कड्या जोडा, ज्यात साखळी अडकेल. ओल्या हळदीचे पिंप आणि त्याचे झाकण उचलायला दोन्ही बाजूंना मुठी लावा. दोन-चार किलो लोखंड जादा लागेल. आज ते बसवणारा आणि वीस वर्षांनी ते काढणारा, दोघेही दुआ देतील.

मजुरी वेळेवर द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे आणि आपल्यातले बहुतेक लोक ती पाळतात. पण मजुराची कंबर मजुरीत धरलेली नसते. ती त्याने आपल्याला विकलेली नाही, फक्त वापरायला दिलेली आहे. वापरलेली वस्तू होती तशी परत करणे, हा व्यापाराचा पहिला कायदा आहे.

मागच्या महिन्यात उस्तादांचा मुलगा दुकानावर आला होता. त्याला कामासाठी चार वार मांजरपाट हवे होते. आम्ही त्याला कापड दिले नाही. त्याच्या वडिलांना करून दाखवलेला तोच हिशोबाचा कागद दिला आणि खडूचे एक खोके दिले. तो थोडा नाराज होऊन गेला. चार दिवसांनी निरोप आला, की तुकडे छोटे पडत आहेत, काम दीड दिवस लांबले, आणि भंगारवाला कुरकुरत आहे. त्या भंगारवाल्याला आम्ही या जुम्म्याला भेटणार आहोत. मस्जिदीच्या मागच्या सफेत, खुर्च्यांच्या शेजारीच.